हिवाळ्यात इंजिन सुरू होत नाही? दोरी ओढण्याआधी कारण शोधा!

डिसेंबर-जानेवारीत गोंदिया जिल्ह्याचा पारा विदर्भात सर्वांत खाली गेल्याची बातमी आपण दर वर्षी वाचतो. नागझिऱ्याच्या जंगलपट्ट्यात तर पहाटेचे दव पावसासारखे टपटपते. माणसाला घोंगडी पांघरता येते, शेकोटीजवळ बसता येते. पण तलावाच्या पाळीवर रात्रभर उघड्यावर पडलेल्या जुन्या इंजिनाचे काय? सकाळी मालक येतो, दोरी ओढतो. एकदा, दोनदा, वीसदा. इंजिन खोकते आणि गप्प होते. खांदा भरून येतो. तोवर बाजूचा कोणीतरी सांगतो, "अरे, कार्बोरेटरच्या तोंडात थोडं पेट्रोल ओत, लगेच पेटेल!"

इंजिन पेटते की नाही ते पुढचे. अशा वेळी माणूस मात्र पेटू शकतो. म्हणूनच हा विषय आम्ही आज कुटुंबाच्या पानावर घेतला आहे. थंडीत इंजिन सुरू न होणे हा नशिबाचा खेळ नाही आणि मनगटाच्या जोराचाही प्रश्न नाही. त्यामागे कारण असते. ते क्रमाने शोधले तर सापडते आणि बहुतेक वेळा घरच्या घरी दूरही करता येते.

आपल्याकडे ही इंजिने कुठे आहेत?

गोंदिया-भंडारा हे तलावांचे जिल्हे. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आपण 'मामा तलाव' म्हणतो, ते येथे गावोगावी आहेत. नागझिऱ्याच्या आतला तलाव वन्यप्राण्यांचा, तेथे इंजिनाचा आवाज नकोच. 1970 साली अभयारण्य झालेला हा भाग 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. पण जंगलाबाहेर चोरखमारा, बोदलकसा, चुलबंद, उमरझरी आणि दक्षिणेला नवेगावबांध, इटियाडोह अशी मोठी पाणी आहेत. या पाण्यांवर ढिवर बांधवांचे डोंगे आजही मुख्यतः वल्ह्यानेच चालतात. इंजिन दिसते ते मोठ्या जलाशयावरच्या एखाद्या बोटीला, सहलीच्या नावेला किंवा पुराच्या वेळी येणाऱ्या बचाव पथकाच्या बोटीला. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला तेव्हा बोटींचे मोल या भागातल्या माणसाला पुन्हा एकदा कळले.

बोटीच्या मागे टांगतात ते दोरीचे इंजिन आणि धानाच्या बांधीला पाणी देणारा पेट्रोल-रॉकेलचा पंप, ही एकाच घराण्यातली. जुनी लूना, जुनी चेतक हीसुद्धा त्यांची भावंडेच. सर्वांना कार्बोरेटर, सर्वांना चोक, सर्वांना प्लग. म्हणून आम्ही जे सांगणार आहोत ते बोटीपुरते नाही. ज्याच्या घरी असे कोणतेही जुने इंजिन आहे, त्याच्या कामाचे आहे.

थंडीशी भांडण कशाचे?

पेट्रोल जळते असे आपण म्हणतो. खरे तर पातळ पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. ही वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळली पाहिजे. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा, असे हे प्रमाण आहे. ते साधण्याचे काम कार्बोरेटर करतो.

चुलीचे उदाहरण घ्या. जाड ओंडक्याला काडी लावून तो पेटत नाही. आधी बारीक काटक्या पेटवाव्या लागतात, मग ओंडका धरतो. पेट्रोलची वाफ म्हणजे या काटक्या. ओले कपडे उन्हाळ्यात तासाभरात वाळतात, हिवाळ्यात दिवस लागतो. पेट्रोलचेही तसेच. थंडीत त्याची वाफ कमी होते. कार्बोरेटरमधून पेट्रोल निघते, पण निम्मेअधिक थेंबांच्या रूपातच आतल्या थंड धातूला चिकटून बसते. ठिणगी पडते, पण पेटायला वाफ पुरत नाही.

यावर उपाय म्हणून चोक दिलेला असतो. चोक म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप. ती लावली की हवा अडते, ओढ वाढते आणि पेट्रोल जास्त येते. जास्त पेट्रोलातून निदान पेटण्याइतकी वाफ मिळते. इंजिन तापले की हा जादा खुराक नको असतो. तेव्हा चोक सोडलाच पाहिजे.

पहिली पाच मिनिटे

पाना हातात घेण्याआधी डोळ्यांनी तपासा. टाकीत पेट्रोल आहे ना? कॉक उघडा आहे ना? टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल केला आहे ना? तो बंद राहिला तर टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल खाली येत नाही. इंजिन बंद करण्याच्या बटणाला लाल दोरीची क्लिप असेल तर ती जागेवर आहे ना? ही क्लिप निघालेली असेल तर दिवसभर दोरी ओढा, ठिणगी पडणार नाही.

मग क्रमाने पुढे जा. नाव पाळीला बांधलेली असू द्या. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. पंख्याजवळ कोणी नाही हे पाहा. नळीत रबरी फुगा असेल तर तो घट्ट होईपर्यंत दाबा. चोक पूर्ण लावा. ॲक्सिलेटर सुरू करण्याच्या खुणेवर ठेवा. दोरी आधी हळू ओढा. हाताला अडल्यासारखे वाटले की मग एकदम, सरळ ओढा. मागे कोणाच्या तोंडाला कोपर लागणार नाही, हेही बघा.

तीन-चार वेळात इंजिन खोकले तर चोक अर्धा करा आणि पुन्हा ओढा. सुरू झाले की मिनिटभर अर्ध्या चोकवर चालू द्या, मग हळूहळू चोक काढा. चुकते ते येथेच. इंजिन खोकल्यावरही माणूस पूर्ण चोक लावून ओढत राहतो, आत पेट्रोलचा पूर येतो आणि प्लग भिजतो.

असा पूर आला, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत इंजिन 'ओव्हर' झाले, तर पेट्रोलचा वास येतो. मग घाई करू नका. पेट्रोल बंद करा, चोक काढा, दहा-पंधरा मिनिटे थांबा. त्यानंतर न्यूट्रलमध्येच ॲक्सिलेटर उघडून काही वेळा दोरी ओढा. हवा शिरते, जादा पेट्रोल बाहेर जाते. अशा वेळी इंजिन एकदम मोठ्या आवाजात सुरू होऊ शकते. तसे झाले की ॲक्सिलेटर लगेच कमी करा.

रॉकेलच्या इंजिनाची खूण

पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायची इंजिने शेतावर पुष्कळ होती, काही अजूनही आहेत. रॉकेलची पेटण्याजोगी वाफ व्हायला साधारण 38 अंशांहून अधिक उष्णता लागते. पेट्रोलची वाफ मात्र शून्याच्या कितीतरी खालीही होते. म्हणून थंड इंजिन रॉकेलवर सुरू होतच नाही.

येथे एक साधी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. संध्याकाळी इंजिन रॉकेलवर चालू असतानाच बंद केले, तर कार्बोरेटरची वाटी रॉकेलनेच भरलेली राहते. सकाळी कॉक पेट्रोलवर फिरवला तरी वाटीत कालचे रॉकेलच असते. माणूस दोरी ओढून थकतो आणि दोष प्लगला देतो! उपाय सोपा आहे. बंद करण्याआधी कॉक पेट्रोलवर करा, पाच मिनिटे चालवा, मग बंद करा. विसरलात तर सकाळी वाटीचा खालचा स्क्रू सोडून रॉकेल डब्यात काढा आणि ताजे पेट्रोल येऊ द्या.

प्लग काढा, तो बोलतो

एवढे करूनही इंजिन गप्प असेल तर प्लग काढून पाहा. वैद्य जीभ पाहतो, तसा हा प्लग पाहायचा.

प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचत नाही. टाकी, नळी, गाळणी, कार्बोरेटर या वाटेवर कोठेतरी अडथळा आहे.

प्लग पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येते आहे, पण पेटत नाही. ठिणगी कमजोर आहे, नाहीतर पेट्रोल फार झाले आहे.

प्लगवर काळी काजळी असेल तर बरेच दिवस पेट्रोल जास्त आणि हवा कमी मिळते आहे. चोक पूर्ण सुटत नाही किंवा हवेची जाळी तुंबली आहे. टू-स्ट्रोक इंजिनात तेल जास्त पडत असेल तरी असे होते. तेलाचे प्रमाण इंजिनागणिक वेगळे असते. ते पुस्तिकेत पाहूनच घाला, अंदाजाने नको.

प्लग पितळी ब्रशने साफ करा, कोरड्या कापडाने पुसा. टोकांतील फट पाहा. जुन्या इंजिनांत ती साधारण 0.5 ते 0.8 मिलिमीटर असते, नेमका आकडा पुस्तिकेत मिळेल. प्लगची किंमत फार नसते. एक नवा प्लग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून नावेत ठेवणारा माणूस अर्धी लढाई आधीच जिंकलेला असतो.

पेट्रोलची वाट

प्लग कोरडा निघाला तर कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल काचेच्या पारदर्शक बाटलीत काढा आणि उजेडात धरा. तळाशी वेगळा थर किंवा मण्यांसारखे थेंब दिसले तर ते पाणी आहे. अर्धी रिकामी टाकी रात्रभर दवात राहिली की तिच्यातल्या हवेचा ओलावा आत जमतो. तळाशी लालसर गाळ दिसला तर टाकी आतून गंजते आहे.

आता एक नवी गोष्टही ध्यानात घ्यावी लागेल. देशात 2023 पासून 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले आणि 2025 पर्यंत ते सर्वत्र पोचले. इथेनॉल ओलावा ओढून घेते. थोडे पाणी ते आपल्यात सामावूनही घेते. पण थंडी वाढली की सामावण्याची ही ताकद कमी होते आणि पाणी इथेनॉलसकट तळाशी वेगळे बसते. म्हणजे रात्री चांगले चाललेले इंजिन पहाटे नेमके तळातले तेच पाणी ओढते. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. जुन्या इंजिनांच्या रबरी नळ्या आणि वायसर या पेट्रोलासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, त्यांचे कण जेटमध्ये जाऊन बसतात. नळी बोटाने दाबून पाहा. चिकट किंवा तडकलेली वाटली तर बदला.

पेट्रोल शिळेही होते. दोन-तीन महिने पडून राहिले की त्यातला लवकर उडणारा भाग निघून जातो. थंडीत इंजिन पेटवणारा भाग नेमका तोच! मागे उरते ते जड पेट्रोल. त्याचा चिकट थर जेटच्या बारीक भोकात बसतो. जेट साफ करताना तार घालू नका, भोक मोठे होते. कार्बोरेटर साफ करण्याच्या द्रवात भिजवा आणि हवेने फुंका. पूरकाळासाठी ठेवलेल्या बोटींची इंजिने ऐन वेळी रुसतात, त्याचे एक मोठे कारण हे शिळे पेट्रोल. अशी इंजिने महिन्यातून एकदा तरी ताज्या पेट्रोलवर चालवली पाहिजेत.

ठिणगी आणि दव

तलावाकाठी धुके दाट असते. प्लगला जाणाऱ्या जाड तारेवर आणि तिच्या टोपीवर दव साचते. तार जुनी, तडकलेली असेल तर वीज प्लगपर्यंत न जाता ओल्या वाटेने इंजिनाच्या अंगावरच उतरते. दुपारी तीच तार सुकते आणि इंजिन पहिल्या ओढीत सुरू होते. मग "सकाळी काय झालं होतं?" याचे उत्तर मिळत नाही. उत्तर दवात होते! तार आणि टोपी कोरड्या कापडाने पुसा. रात्री इंजिनावर ताडपत्रीचे आच्छादन घाला, खालून हवा खेळती ठेवा.

ठिणगी पाहायची असेल तर आधी पेट्रोल बंद करा, सांडलेले पुसा, वास पूर्ण जाऊ द्या. प्लग तारेत बसवून त्याचे धातूचे अंग इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवा. मात्र प्लगच्या भोकापासून दूर, कारण तेथून वाफ बाहेर येते. प्लग हातात धरू नका, इन्सुलेशनची पक्कड वापरा. दोरी ओढल्यावर निळी, कडक ठिणगी पडली तर ठीक. पिवळी, मरगळलेली असेल किंवा दिसलीच नाही, तर नवा प्लग लावून पाहा. तरीही नसेल तर पॉइंट, कॉइल किंवा मॅग्नेटोचे काम आहे. ते जाणत्या मेकॅनिककडे द्या.

पेट्रोल आहे, ठिणगीही आहे, तरी इंजिन उठत नाही? मग दाब पाहा. दोरी फार हलकी ओढली जात असेल तर दाब कमी आहे. प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल घाला, प्लग बसवा आणि ओढा. आता दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, असे बहुधा समजावे. हा खर्चाचा रोग आहे. पण निदान कशावर पैसा जाणार ते आधी कळते आणि नको ते सामान बदलले जात नाही.

हे मात्र कधीही करू नका

बंधू-भगिनींनो, येथून पुढचे घरातल्या सर्वांना वाचून दाखवा.

कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून दोरी ओढू नका. इंजिनाने उलटा भडका घेतला तर तो सरळ चेहऱ्यावर येतो. इंजिनाखाली पेटते कापड किंवा तणस ठेवून ऊब देऊ नका. ऊब द्यायचीच असेल तर गरम पाण्यात भिजवून पिळलेले फडके इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यामधल्या नळीवर पाच मिनिटे गुंडाळा. प्लगच्या तारेवर पाणी जाऊ देऊ नका. काम होते आणि जीवही राहतो.

थंडी वाजते म्हणून बंद खोलीत किंवा गोठ्यात इंजिन चालवू नका. पंप विहिरीत उतरवून तर मुळीच नको. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. विहिरीत उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. अशा वेळी खाली उतरू नका, मदत बोलवा.

नळी तोंडात धरून पेट्रोल ओढू नका. पेट्रोल-रॉकेल थंड पेयाच्या बाटलीत ठेवू नका. मूल तहानेने ती तोंडाला लावते. असे झालेच तर उलटी करवू नका, कारण उलटीबरोबर ते फुप्फुसात जाते. 108 वर फोन करा आणि थेट रुग्णालयात न्या. भाजले तर जखमेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचे! इंजिन नीट तापून एका लयीत चालू लागल्याशिवाय नावेची गाठ सोडू नका. इंजिन असले तरी वल्हे नावेत हवेच. प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जॅकेट हवे. मधोमध पाण्यात बंद पडलेले इंजिन आणि वाढता वारा, या दोघांपुढे पोहणाऱ्याचाही निभाव लागेलच असे नाही.

ज्ञान हातचे जाऊ देऊ नका

1893 च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाखने फवारा उडवणारा कार्बोरेटर बनवला. 1909 मध्ये अमेरिकेत ओले एव्हिनरूडने बोटीच्या मागे टांगायचे इंजिन बाजारात आणले. शंभराहून अधिक वर्षे या जोडीने जगभरच्या मच्छीमारांची सोबत केली. आपल्याकडे 1 एप्रिल 2020 पासून नव्या दुचाकींना बीएस-6 चे नियम लागले आणि कार्बोरेटर त्यांतून जवळपास गेलाच. नव्या पोरांना संगणक जोडून दोष पाहायला शिकवतात. तेही शिकलेच पाहिजे. पण ज्याच्याकडे नवे इंजिन घ्यायला पैसे नाहीत, त्याला जुन्याशीच जमवून घ्यायचे आहे. जेट कसा साफ करावा, पॉइंट कसा लावावा, हे जाणणारे हात आता म्हातारे होत आहेत. त्यांच्याजवळ बसून मुलांनी आणि मुलींनीही हे शिकून घ्यावे. इंजिन समजायला दांडगा खांदा लागत नाही, नजर आणि सबुरी लागते.

एक वही करा. प्लग कधी बदलला, पेट्रोल कधी भरले, थंडीच्या दिवशी किती ओढींत इंजिन सुरू झाले, ते तारखेनिशी लिहा. चार ओढींची दहा झाली की वही आधीच सांगेल, रोग सुरू झाला आहे. मग मेकॅनिककडे गेल्यावर "चालत नाही" एवढेच सांगू नका. "प्लग ओला आहे, ठिणगी निळी आहे, वाटीत पाणी नाही" असे सांगा. त्याचा वेळ वाचेल, तुमचा पैसा वाचेल आणि कोणी तुम्हाला अडाणी समजून भलते सामान गळ्यात मारू शकणार नाही.

मासळी सकाळी उशिरा निघाली तर आठवडी बाजार चुकतो. बाजार चुकला की त्या दिवसाची कमाई गेली, टोपली घेऊन बसलेल्या माउलीचा दिवस गेला. कोरडे फडके, एक नवा प्लग, प्लगचा पाना, पारदर्शक बाटली आणि ताजे पेट्रोल, एवढी तयारी रात्रीच करून ठेवा.